डब्ल्यूपीए३: सप्लिकंट एकच, लॅपटॉप जोडला जातो आणि बोर्ड नाही. कोणाचं काम नक्की कोणतं?

वाचनालय_तालुका | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम मी बघतो. पगारी नाही, हौसेने. तिथे लिनक्सवर चालणारी दोन यंत्रं आहेत. एक कार्यालयातला जुना लॅपटॉप, त्यात अ‍ॅथेरॉसचं कार्ड, ड्रायव्हर एटीएच९के. दुसरा टीव्हीच्या मागे चिकटवलेला छोटा बोर्ड, त्यावर पुस्तकांची यादी फिरत असते. बोर्डाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा ‘तो घ्यायलाच नको होता’ या वळणावर जाते. त्याचं वायफाय बोर्डावरच आहे.

गेल्या महिन्यात देणगीतून नवा राउटर आला. बसवणाऱ्याने डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) चालू ठेवलं, जुनं डब्ल्यूपीए२ बंद. लॅपटॉप लगेच जोडला गेला. बोर्ड काही केल्या जोडला जात नाही.

मी वाचलं होतं की वायफायमध्ये पासवर्डची सगळी भानगड यूजरस्पेसमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या बाहेर) होते, डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाचा प्रोग्राम ती सांभाळतो, आणि ड्रायव्हर बिचारा फक्त फ्रेमा (हवेतून जाणारी पाकिटं) इकडून तिकडे करतो. म्हणून दोन्हीकडे सप्लिकंट २.१० केला, कॉन्फिग फाइल लॅपटॉपवरून उचलून जशीच्या तशी बोर्डावर टाकली. फरक शून्य.

लॉगमध्ये दिसतं ते असं. लॅपटॉपच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘ऑथेंटिकेट विथ’ आणि ‘सेंड ऑथ, ट्राय १/३’ ही जोडी दोनदा येते, मग ‘ऑथेंटिकेटेड’, मग ‘असोसिएट विथ’. बोर्डाच्या डीमेसेजमध्ये यातली एकही ओळ नाही. सप्लिकंटच्या लॉगमध्ये असोसिएशन नाकारल्याची ओळ येते, स्टेटस १६, आणि बीएसएसआयडीच्या (राउटरच्या रेडिओच्या पत्त्याच्या) जागी सगळी शून्यं.

माझा प्रश्न असा: काम सप्लिकंटचं असेल तर तोच सप्लिकंट एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास कसा? आणि काम ड्रायव्हरचं असेल तर सप्लिकंट करतो तरी काय?

---

बिनतारी_बाब्या | सोमवार, रात्री १०:०५

राउटरवर डब्ल्यूपीए२/३ मिक्स करा आणि झोपा. यादीच तर दाखवायची आहे, बँक थोडीच चालवायची आहे.

---

वाचनालय_तालुका | सोमवार, रात्री १०:२०

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बसवणाऱ्याकडे आहे आणि तो फोन उचलत नाही. शिवाय यादी दिसणं हा आता दुय्यम प्रश्न झालाय. मला हे समजून घ्यायचंय.

---

नेटलिंकवाली | मंगळवार, सकाळी ७:१५

बोर्डाच्या डीमेसेजमध्ये ओळ नाही, हाच तुमच्या पोस्टमधला सगळ्यात मोठा पुरावा.

‘सेंड ऑथ, ट्राय १/३’ ही ओळ एटीएच९के छापत नाही. ती छापतं मॅक८०२११. म्हणजे कर्नलमधला तो सामाईक थर, ज्याच्यावर एटीएच९के, एमटी७६ आणि असे बरेच ड्रायव्हर उभे आहेत. तुम्ही ‘ड्रायव्हर’ म्हणून एकच खोका धरलाय. प्रत्यक्षात सप्लिकंट आणि अँटेना यांच्यामध्ये चार जण बसलेले असतात: एनएल८०२११ आणि सीएफजी८०२११ (यूजरस्पेसशी बोलायचा कर्नलचा दरवाजा), मॅक८०२११, चिपचा खास ड्रायव्हर, आणि चिपमधलं फर्मवेअर (चिपच्या आतच चालणारं तिचं सॉफ्टवेअर). तुमच्या बोर्डावर यातला एक जण गैरहजर आहे आणि त्याचं काम फर्मवेअरने स्वतःकडे घेतलंय.

मी बरीच वर्षं हिंजवडीत चिप बोर्डावर आणून चालती करायचं काम केलंय, त्यामुळे हे जरा पाल्हाळाने लिहिते. चहा घेऊन बसा.

खालून सुरू करू. फ्रेम मिळाली की तिची पोच द्यायची असते. २.४ गिगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंदांत, ५ गिगाहर्ट्झवर १६. इंटरप्ट येऊन कर्नल जागा होईपर्यंत ही वेळ केव्हाच निघून गेलेली असते. तेव्हा पोच देणं, पोच आली नाही तर पुन्हा पाठवणं, हवा मोकळी आहे का ते बघणं हे सगळं चिपमध्येच. यावर कुठल्याच मेलिंग लिस्टवर मारामारी झालेली मी पाहिली नाही.

आता अगदी वरचं टोक. कोणत्या नेटवर्कला जायचं, पासवर्ड कुठे ठेवायचा, कॉलेजच्या नेटवर्कसाठी प्रमाणपत्र तपासायचं, दोन ओळखीची नेटवर्क दिसली तर कोणतं घ्यायचं. हे धोरण झालं. ते नेटवर्कमॅनेजर (कनेक्शनं सांभाळणारी सेवा) आणि सप्लिकंट या जोडीकडे. यावरही फारसा वाद नाही.

भांडण असतं ते मधल्या पट्ट्यावर. तो पट्टा कसा वाटला जातो हे बघायचं तर मी नव्या मुलांना बीकन (‘मी इथे आहे’ असं सांगणारी राउटरची फ्रेम) उलगडून दाखवायची. समजा लिनक्सच्या डब्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट केलाय. दर १०२.४ मिलिसेकंदांनी तो बीकन सोडतो. त्या एका फ्रेमला तिघांचे हात लागतात. नेटवर्कचं नाव, चालणारे वेग, सुरक्षेचा प्रकार हा मजकूर होस्टएपीडी (राउटरच्या बाजूचा यूजरस्पेसमधला प्रोग्राम) लिहितो, कारण कॉन्फिग फाइल त्याने वाचलेली असते. पण तो फ्रेम अखंड देत नाही. दोन तुकडे देतो, डोकं आणि शेपूट. मध्ये जागा सोडतो. त्या जागेत टिम नावाचा नकाशा बसतो: वीज वाचवायला झोपलेल्या कोणकोणत्या यंत्रांसाठी पाकिटं साठून राहिली आहेत. हा नकाशा प्रत्येक बीकनला बदलू शकतो आणि पाकिटांची रांग कर्नलमध्ये असते, म्हणून तो कर्नल भरतो. मग नेमक्या क्षणी ती फ्रेम हवेत सोडायचं काम चिपचं. वर्षभर न बदलणारा मजकूर यूजरस्पेसने लिहिला, घडीघडीला बदलणारा कर्नलने, आणि मायक्रोसेकंदांचा हिशेब चिपने. मॅक८०२११ मध्ये अशी वाटणी तुम्हाला जागोजागी दिसेल.

तुमची अडचण आहे ती कनेक्शन जमवण्याच्या पायरीवर. एनएल८०२११ मध्ये त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली: सप्लिकंट आधी ‘ऑथेंटिकेट’ म्हणतो, उत्तर बघतो, मग ‘असोसिएट’ म्हणतो. प्रत्येक पायरी त्याच्या हातात. फ्रेम हवेत टाकणं, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवणं एवढं कर्नल बघतं, ते ‘ट्राय १/३’ तिथलंच. ही सॉफ्टमॅक पद्धत, तुमच्या लॅपटॉपची. दुसरी वाट: सप्लिकंट एकच हुकूम देतो, ‘कनेक्ट’. हे नाव, हा सुरक्षेचा प्रकार, जमव. पुढची सगळी देवाणघेवाण फर्मवेअर आतल्या आत उरकतं आणि शेवटी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच कळवतं. ही फुलमॅक पद्धत. मॅक८०२११ इथे वापरातच नसतं, म्हणून तुमच्या डीमेसेजमध्ये शांतता. शून्यांचा बीएसएसआयडीही त्यामुळेच: कोणत्या राउटरशी बोलणं फिसकटलं हेसुद्धा वर पोचलेलं नाही. स्टेटस १६ चा प्रमाणातला अर्थ ‘पुढच्या फ्रेमची वाट बघून वेळ संपली’ असा आहे, पण त्यावर फार विसंबू नका. काही फुलमॅक ड्रायव्हर कुठल्याही अपयशाला सरसकट १६ चिकटवतात.

मग डब्ल्यूपीए२ वर हाच बोर्ड इतकी वर्षं कसा चालला? तुम्ही वाचलेलं चूक नाही, ते डब्ल्यूपीए२ च्या काळचं आहे. तेव्हा ऑथेंटिकेशनची फ्रेम नावापुरती होती. ‘येऊ का?’, ‘या’. मग असोसिएशन. खरी परीक्षा त्यानंतर, चार फ्रेमांच्या हँडशेकमध्ये. त्या चार फ्रेमा तांत्रिकदृष्ट्या साध्या डेटा फ्रेमा असतात, ईथरटाइप (पाकिटाच्या प्रकाराचा क्रमांक) ८८८ई. आत काय आहे हे फर्मवेअरला समजायची गरजच नाही, आयपीच्या पाकिटासारख्या त्या वर येतात. सप्लिकंटने पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव घेऊन पीबीकेडीएफ२ च्या ४०९६ फेऱ्यांतून मूळ किल्ली काढलेली असते. तिच्यावरून तो सत्राची किल्ली बनवतो आणि एनएल८०२११ मधून खाली देतो. फर्मवेअरने दार उघडून दिलं, आतल्या टेबलावर ओळखपत्र सप्लिकंटने दाखवलं. दोघांचं छान जमायचं.

डब्ल्यूपीए३ ने ओळखपत्राची तपासणी टेबलावरून फाटकावर आणली. पासवर्डचा व्यवहार, एसएई, आता असोसिएशनच्या आधीच होतो, ऑथेंटिकेशनच्या फ्रेमांमध्येच. कमिट आणि कन्फर्म, दोन्ही बाजूंनी एकेक. लॅपटॉपवर ‘सेंड ऑथ’ दोनदा दिसलं ते हेच: पहिली कमिट, दुसरी कन्फर्म. आणि ऑथेंटिकेशन ही डेटा फ्रेम नाही, मॅनेजमेंट फ्रेम (कनेक्शन जमवण्या-तोडण्याची) आहे. तुमच्या बोर्डाचं फर्मवेअर ती वर सोडतच नाही. सप्लिकंटला एसएईचं गणित उत्तम येतं, पण फाटकापर्यंत त्याला कोणी जाऊच देत नाही. आवृत्ती २.१० टाका नाहीतर उद्याची टाका.

यावर दोन उपाय निघाले आहेत. एक्स्टर्नल ऑथ, २०१८ पासून कर्नलमध्ये आहे: फर्मवेअर वर निरोप पाठवतं की एवढा एसएईचा भाग तू कर, सप्लिकंट त्या फ्रेमा स्वतः बनवून पाठवतो आणि निकाल खाली कळवतो. दुसरा एसएई ऑफलोड: पासवर्डच फर्मवेअरच्या हातात द्यायचा आणि गणितही त्यालाच करू द्यायचं. दोन्हींसाठी फर्मवेअर, ड्रायव्हर आणि सप्लिकंट, तिघांची तयारी लागते. एक जरी नसला तरी ओंडका जागचा हलत नाही.

तपासायचं असं: दोन्ही यंत्रांवर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ (कार्डाला काय काय येतं ते छापणारी कमांड) चालवा. ‘सपोर्टेड कमांड्स’ खाली ऑथेंटिकेट आणि असोसिएट आहेत की फक्त कनेक्ट, ते बघा. ‘डिव्हाइस सपोर्ट्स एसएई विथ ऑथेंटिकेट कमांड’ अशी ओळ शोधा. विस्तारित सोयींच्या यादीत एसएई ऑफलोड आहे का बघा. आणि सायफरांमध्ये सीएमएसी, क्रमांक ००-०एफ-एसी:६ हवं. डब्ल्यूपीए३ मध्ये मॅनेजमेंट फ्रेमांचं संरक्षण सक्तीचं असतं, ते याच्याशिवाय होत नाही.

थोडं जुनंही सांगते, कारण ही वाटणी आकाशातून पडलेली नाही. पूर्वी ज्यां तुर्रिल यांच्या वायरलेस एक्स्टेन्शन्सवर सगळं चालायचं, आयोक्टलच्या (कर्नलला थेट हुकूम द्यायच्या) हाका मारून. एकाच हाकेचा अर्थ प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने लावायचा. त्यात बऱ्याच ड्रायव्हरांच्या पोटात आपापला ८०२.११ चा संसार. यौनी मालिनेन यांनी प्रिझम चिपांसाठी होस्ट एपी ड्रायव्हर लिहिला. होस्टएपीडी आणि सप्लिकंट ही त्यांचीच कामं. पुढे डिव्हाइसस्केप कंपनीने आपला थर खुला केला, त्यावरून मॅक८०२११ घडलं आणि २००७ मध्ये २.६.२२ या कर्नलमध्ये आलं. योहानेस बेर्ग यांनी ते आणि सीएफजी८०२११ पुढे कसं सांभाळलं हे गिट लॉग उघडून बघा. आज सप्लिकंटऐवजी आयडब्ल्यूडी लावला तरी ड्रायव्हरची एक ओळ बदलावी लागत नाही. मधला दरवाजा एकच आणि नीट लिहिलेला आहे म्हणूनच हे शक्य आहे.

---

खिशातला_फोन | मंगळवार, दुपारी १:३०

नेटलिंकवालीने नेहमीप्रमाणे फर्मवेअरला व्हिलन केलं. दुसरी बाजू मांडतो, मी फोनच्या वायफायवर काम करतो.

फोन खिशात आहे, स्क्रीन बंद, मुख्य प्रोसेसर गाढ झोपेत. तुम्ही हॉलमधून गच्चीवर गेलात, राउटर बदलायची वेळ आली. प्रत्येक पायरी सप्लिकंटने करायची म्हटलं तर दर वेळी प्रोसेसर उठवा, स्कॅनचे निकाल वर पाठवा, निर्णय घ्या, पुन्हा झोपवा. बॅटरी दुपारीच मान टाकेल. म्हणून ओळखीच्या नेटवर्कांची यादी आधीच फर्मवेअरला दिलेली असते, ते स्वतः अधूनमधून शोधतं आणि काही सापडलं तरच प्रोसेसरला हलवतं.

ग्रुप कीचंही तेच. राउटर ठराविक वेळाने सगळ्यांची सामाईक किल्ली बदलतो आणि प्रत्येकाकडून उत्तर मागतो. लॅपटॉप झोपलेला आहे आणि उत्तर दिलं नाही, तर राउटर त्याला बाहेर काढतो. त्यासाठी एनएल८०२११ मध्येच सोय आहे: झोपायच्या आधी लागणाऱ्या किल्ल्या चिपला देऊन ठेवायच्या, ती परस्पर उत्तर देते. ही सोय कर्नलवाल्यांनीच केली आहे, आम्ही मागच्या दाराने आणलेली नाही.

---

नेटलिंकवाली | मंगळवार, रात्री ९:००

अरे, व्हिलन नाही केलं. झोपेतलं काम चिपला द्यावंच लागतं, यात मी तुझ्या बाजूला आहे. माझी तक्रार वेगळी आहे: फर्मवेअरने काम घ्यावं, पण मागितलं तर परत द्यावं. ‘कनेक्ट’ आणि ‘ऑथेंटिकेट’ या दोन्ही वाटा उघड्या ठेवायला काय जातं?

२०१७ चा ‘क्रॅक’ नावाचा हल्ला आठव. माथी वानहूफ यांनी दाखवलं की हँडशेकची तिसरी फ्रेम पुन्हा पाठवली की तीच किल्ली दुसऱ्यांदा बसते आणि नॉन्स (एका किल्लीसोबत एकदाच वापरायचा आकडा) मुळापासून सुरू होतो. सप्लिकंटच्या २.४ पासूनच्या काही आवृत्त्यांमध्ये तर चक्क सगळ्या शून्यांची किल्ली बसायची. गंभीर प्रकरण. पण सप्लिकंटचा पॅच आला, लोकांनी रोजचं अपडेट घेतलं आणि लॅपटॉपवाले सुटले. मॅक८०२११ मध्येही बदल झाला, तीच किल्ली पुन्हा दिली तर मोजणी शून्यावर न्यायची नाही असा. दोन थरांनी एकमेकांची पाठ राखली. ज्यांचा हँडशेक फर्मवेअरमध्ये होता ते मात्र चिप बनवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले.

२०२१ मध्ये वानहूफ यांनीच फ्रॅगअटॅक्स नावाचे हल्ले आणले, तेव्हा उलटं झालं. फ्रेमांचे तुकडे जोडण्यातल्या त्रुटी होत्या, सप्लिकंटचा तिथे संबंधच नव्हता. तुकडे मॅक८०२११ जोडत होतं तिथे कर्नलचा पॅच पुरला. फर्मवेअर जोडत होतं तिथे पुन्हा तीच वाट बघणं. म्हणून मी काम कोणी करावं हे ठरवताना वेगाचा प्रश्न सुटला की लगेच विचारते: उद्या यात भोक सापडलं तर बुजवणार कोण, आणि त्याचा हात पोचतो का?

आणि सगळं वर यूजरस्पेसमध्ये ढकला असंही माझं म्हणणं नाही. नियमांचा डेटाबेस बघ. कोणत्या देशात कोणती वारंवारता, किती शक्ती. आपल्याकडे २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवान्यातून मोकळा झाला, असे बदल होत राहतात, तेव्हा ही यादी कर्नलच्या कोडमध्ये कोरून ठेवणं मूर्खपणाचं. म्हणून सीआरडीए नावाचा यूजरस्पेसमधला मदतनीस आणला. कर्नल त्याला विचारायचं, तो सही केलेल्या फाइलमधून वाचून सांगायचा. ऐकायला आदर्श. प्रत्यक्षात बूट होताना मदतनीस वेळेवर तयार नसायचा, लहान डब्यांवर तो टाकायचाच राहून जायचा, आणि यंत्र जगाच्या सगळ्यात कडक नियमांवर अडकून पडायचं, १२ आणि १३ नंबरचे चॅनल फक्त ऐकण्यापुरते. शेवटी ४.१५ पासून कर्नल ती फाइल फर्मवेअरसारखी थेट वाचतं आणि सही स्वतः तपासतं. यादी बाहेर, अंमल आत. मधला दलाल गेला आणि कोणाला त्याची आठवणही येत नाही.

---

बिनतारी_बाब्या | मंगळवार, रात्री ९:२५

दलालावरून आठवलं. माझ्या लॅपटॉपवर ‘आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ केलं तरी ढिम्म फरक पडत नाही. हेही त्याच कुळातलं का?

---

नेटलिंकवाली | मंगळवार, रात्री ९:४०

हो. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ करून बघ, तुझ्या कार्डापुढे ‘सेल्फ मॅनेज्ड’ लिहिलेलं असेल. म्हणजे देश कोणता हे कार्डाचं फर्मवेअर आजूबाजूच्या राउटरांवरून स्वतः ठरवतं, तुझा आदेश ऐकून सोडून देतं. कायद्याची अंमलबजावणी म्हणून हे समजण्यासारखं आहे. विमानातून उतरल्यावर तासभर जुन्या देशात राहतं तेव्हा वैताग येतो खरा.

---

वाचनालय_तालुका | बुधवार, सकाळी ११:१०

ताई, प्रिंट काढून वाचलं.

आयडब्ल्यू लिस्टचे निकाल. लॅपटॉप: ऑथेंटिकेट आहे, असोसिएट आहे, कनेक्टही आहे (हे कसं?), ‘एसएई विथ ऑथेंटिकेट कमांड’ ही ओळ आहे. बोर्ड: फक्त कनेक्ट. एसएईची ओळ नाही, ऑफलोडही नाही. सीएमएसी मात्र आहे.

कपाटात एक जुना यूएसबी डाँगल सापडला, चिप एआर९२७१. तो बोर्डाला लावला तर चालेल का? की तोही फुलमॅक निघायचा? आणि अंगचं वायफाय तसंच राहिलं तर दोन्ही भांडतील का?

---

नेटलिंकवाली | बुधवार, दुपारी २:४५

निकाल अपेक्षेप्रमाणेच आहेत. सीएमएसी आहे म्हणजे मॅनेजमेंट फ्रेमांचं संरक्षण बोर्डाला येतं, फक्त एसएईची वाट बंद आहे. आजच्या फर्मवेअरवर तो डब्ल्यूपीए३ला जाणार नाही. बोर्डवाल्यांकडे तक्रार टाकायची तर ‘वायफाय चालत नाही’ असं लिहू नका, तशा तक्रारी ढिगाने पडलेल्या असतात. फर्मवेअरची आवृत्ती लिहा (ड्रायव्हर सुरू होताना डीमेसेजमध्ये छापतो), आयडब्ल्यू लिस्टचा तो भाग जोडा आणि थेट विचारा: एक्स्टर्नल ऑथ किंवा एसएई ऑफलोड, दोन्हींपैकी काय आणि कधी? सप्लिकंटच्या लिस्टवर पाठवू नका, त्यांचा यात काही दोष नाही.

लॅपटॉपवर कनेक्टही दिसतं कारण सॉफ्टमॅक कार्डांसाठी सीएफजी८०२११ स्वतःच कनेक्टचे तुकडे करून ऑथेंटिकेट आणि असोसिएट करतं. साध्या ‘आयडब्ल्यू’ कमांडने उघड्या नेटवर्कला जाता यावं एवढ्यापुरती ती सोय. सप्लिकंट तिच्या वाटेला जात नाही, ऑथेंटिकेट दिसलं की तो सूत्रं स्वतःकडे घेतो.

एआर९२७१ म्हणजे लॉटरी लागली. ड्रायव्हर एटीएच९के_एचटीसी, मॅक८०२११ वर बसलेला. त्याच्या चिपमध्येही फर्मवेअर आहे, पण त्याचा सोर्स २०१३ मध्ये खुला झाला आणि कनेक्शनची पायरी ते वर कर्नलकडेच ठेवतं. तेव्हा चिपमध्ये फर्मवेअर आहे एवढ्यावरून फुलमॅक ठरवू नका. मर्यादा एवढीच की तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आहे. राउटर दोन्ही पट्टे देत असेल तर प्रश्न नाही, यादीला वेग लागतो किती. पुढे ५ हवं झालं तर एमटी७६१२यू चिपचा बघा, त्याचाही ड्रायव्हर कर्नलच्या आतलाच आहे. डब्यासोबत सीडी देणारे आणि ‘ड्रायव्हर आमच्या साइटवरून घ्या’ म्हणणारे टाळा. ते ड्रायव्हर स्वतःचं वेगळं बिऱ्हाड पोटात घेऊन येतात, आणि कर्नल बदललं की कंपाइल होणं थांबतं.

दोन्ही रेडिओ भांडत नाहीत, पण नेटवर्कमॅनेजर दोन्हीवरून प्रयत्न करत राहतो आणि लॉग वाचणं अवघड होतं. अंगचं वायफाय बूटच्या कॉन्फिगमधूनच बंद करा. ते जमलं नाही तर नेटवर्कमॅनेजरला त्या इंटरफेसकडे बघू नको असं सांगा. डब्ल्यूलॅन० आणि डब्ल्यूलॅन१ ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात, त्यामुळे नियम मॅक पत्त्यावर (कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावर) लिहा, नावावर नको. बोर्डावर आयडब्ल्यूडी आणि सप्लिकंट दोन्ही चालू नाहीत ना तेही बघून घ्या. एका इंटरफेसला दोन मालक झाले की कनेक्शन मिनिटागणिक तुटतं आणि दोघांचे लॉग एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि डाँगल थेट बोर्डात खुपसू नका, हातभर यूएसबी एक्स्टेन्शनवर घेऊन टीव्हीच्या कडेबाहेर काढा. टीव्हीच्या पत्र्यामागे निम्मा सिग्नल मरतो.